गाडी शिकायला पुण्याला

आर्वीत गाडी शिकवणारे दोघेच आहेत आणि दोघेही माझे विद्यार्थी. एकाला मी सातवीत गणित शिकवलं, दुसऱ्याला आठवीत आणि पुन्हा आठवीत. या दुसऱ्याकडे, म्हणजे नितीनकडे, मी चार दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी गाडी सरळ रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगावर चढवली. नितीन खाली उतरला, ढीग बघितला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमचं काही चुकलं नाही. लोकायनं रेतीच चुकीच्या जागी टाकून ठेवली."

त्याच संध्याकाळी मी पुण्याला भाचीला फोन केला. मला ओरडणारं कुणीतरी हवं होतं.

शिकायची घाई होती, त्याचं कारण आमच्या ह्यांचे डोळे. हे, म्हणजे मधुकरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की समोरचं दिसतंय, पण कडा गेल्या आहेत, गाडी बंद करा. ह्यांना ते पटेना. "पेपर वाचतो मी रोज, शेवटच्या पानापर्यंत. गाडी काहून नाही चालवणार?" मग एका बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीचा धक्का लागून डावीकडचा एक सायकलवाला पडला. कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. हे म्हणत राहिले की तो अचानक आला. मी शेजारीच बसले होते. तो अचानक आला नव्हता, बराच वेळ आमच्या बाजूनेच चालला होता.

घरी येऊन मी किल्ली काढून घेतली. त्यावरून दोन महिने आमच्यात धुसफूस चालली. शेवटी हे म्हणाले, "महिन्याभरात तू शिकलीस तर ठीक. नाहीतर किल्ली मला परत." मी हो म्हटलं. वय एकोणसाठ. शिकाऊ लायसन्सची परीक्षा मी एकही उत्तर न चुकता पास झाले होते. खुणांचं पुस्तक पाठ होतं. रेतीची खूण मात्र त्यात नव्हती.

स्वारगेट

सकाळी बसमधून स्वारगेटला उतरले. केतकी, माझ्या भावाची मुलगी, रस्त्याच्या पलीकडे रिक्षा घेऊन उभी होती. मला ती दिसत होती, तिला मी दिसत होते, आणि मध्ये जे काही वाहत होतं त्याला रस्ता म्हणायला माझी जीभ वळेना. आर्वीत रस्ता ओलांडायचा म्हणजे हात वर करायचा. गाडीवाला थांबतो आणि नातवंडांची चौकशी करून पुढे जातो. इथे मी दोनदा हात वर केला. एका रिक्षावाल्याला वाटलं मी त्याला बोलावतेय.

शेजारी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण कुणाची वाट बघताय?"

"कुणी थांबायची."

"मग संध्याकाळ होईल. सिग्नल लाल होऊ द्या. आणि लाल झाला तरी दोन्हीकडे बघा. उलट्या दिशेने येणाऱ्यांना सिग्नल लागू नाही, असा त्यांचा समज आहे."

मी त्यांच्या सावलीसारखी पलीकडे पोचले. आणि खरं सांगते, मला मजा येत होती. याच रस्त्यावर मी गाडी चालवणार होते.

केतकी हिंजवडीला नोकरी करते आणि कोथरूडला राहते. वाटेत तिने मला नाश्त्याला नेलं. पोहे आले; पांढरेशुभ्र, वर खोबरं आणि कोथिंबीर, शेजारी लिंबाची फोड. मी वाढणाऱ्याला म्हटलं, "यावर तर्री?" त्याने मला आपादमस्तक बघितलं. "पोह्यांवर रस्सा मिळत नाही. मिसळ मागवा." मी तसेच कोरडे खाल्ले. चव चांगली होती, पण आमच्याकडे याला अर्धा नाश्ता म्हणतात.

"आत्या, चिल," केतकी म्हणाली. "तुझी टीचर याहून डेंजर आहे."

कसबा पेठ, पायी

केतकीने माझ्यासाठी शोधलेल्या वसुधाताई कसबा पेठेत जन्मल्या आणि अजून तिथेच राहतात. पासष्टीच्या आसपास, पांढरे आखूड केस, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. आधी बँकेत होत्या. निवृत्तीनंतर गाडी शिकवण्याचा परवाना काढला. त्यांच्याकडे एक लहान पांढरी गाडी आहे. पुढेमागे लाल रंगात मोठा एल, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच.

"आपण शिक्षिका होतात, असं कळलं," त्या म्हणाल्या.

"हो. बत्तीस वर्षं."

"अस्सं. मग ते विसरायला आधी दोन दिवस लागतील."

मी पर्स मांडीवर घेऊन गाडीच्या दाराकडे वळले. त्यांनी गाडीला कुलूप लावलं. "आज गाडी नाही. आज चालायचं."

आम्ही तास-दीड तास कसबा पेठेतून चाललो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा वळवावा अशा गल्ल्या. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोके चालले होते, ठण ठण ठण, दारादारातून. एका उंबऱ्यापाशी एक कारागीर मान खाली घालून घंगाळ ठोकत बसला होता. त्याचा गुडघा जवळजवळ रस्त्यावर आला होता. मागून एका गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला, लांब. त्याला ऐकूच गेलं नाही. ठोक्यांत कसं जाणार?

"त्या चालवणाऱ्याला वाटतंय, हॉर्न दिला म्हणजे आपलं काम झालं," वसुधाताई म्हणाल्या. "हॉर्न ऐकू न येणारी माणसं पुष्कळ असतात. हा कारागीर, कानात मशीन असलेले आजोबा, मोबाइल कानाला लावलेली मुलगी. ब्रेक मात्र सगळ्यांच्या उपयोगी पडतो."

तेवढ्यात एक स्कूटर माझ्या कोपराला चाटून गेली. मी भिंतीला टेकले.

"काय वाटलं?"

"राग आला."

"नंबर बघितलात?"

"नाही."

"त्यानेही तुम्हाला बघितलं नाही. उद्यापासून तुम्हाला त्याच्या बाजूला बसायचंय. हे कोपर लक्षात ठेवा."

घरी येऊन मी केतकीला सांगितलं की पहिल्या दिवशी मी गाडीला हातसुद्धा लावला नाही. ती हसत सुटली. मला मात्र झोप येईना. बत्तीस वर्षांत मुलांना कोन शिकवण्याआधी त्यांना कोपऱ्यात उभं करून बघायला सांगावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

कोथरूडचा चढ

पुढचे आठ दिवस पहाटे सहाला कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर. आरसे आधी, पट्टा नंतर, किल्ली शेवटी. वळायच्या आधी आरसा, मग दिवा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, मगच चाक. चौकातल्या वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चढावर वर येणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर की ती एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणेपर्यंत त्या खांबाशी पोचू नये. हे मला फार आवडलं. गणित होतं ना त्यात.

मला एक सवय होती. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणायचे, "हो हो, कळलं." तिसऱ्यांदा मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि भर रस्त्यात नाही, कडेला, शिस्तीत गाडी थांबवायला लावली.

"वर्गात असं म्हणणाऱ्या मुलांना आपण काय म्हणत होतात?"

"न कळलेली मुलंच असं म्हणतात," मी म्हटलं.

"छान. चला."

दहाव्या दिवशी पहिला मोठा सिग्नल आणि तोही चढावर. हिरवा झाला, मी क्लच सोडला, गाडी एक गचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा एकच कल्लोळ. आर्वीत असं झालं असतं तर चार जण धावत आले असते आणि गाडी ढकलून वर दिली असती, मग मी कुठे निघाले हेही विचारलं असतं. इथे एक स्कूटरवाले काका माझ्या खिडकीशी थांबले. शांतपणे म्हणाले, "काकू, जागा विकत घेतलीत की भाड्याने?" आणि निघून गेले.

मला हसू फुटलं. गाडी बंद, मागे रांग, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतेय. वसुधाताईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "हँडब्रेक ओढा. क्लच सावकाश, गाडीचं नाक किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. मागचे ओरडू देत. ओरडल्याने गाडी चालू होत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नाही."

गाडीने नाक उचललं. मी हँडब्रेक सोडला. एक इंचही मागे न जाता आम्ही वर चढलो. पुढच्या सिग्नलला मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "पांढरा पट्टा दिसतोय का?"

"नाही."

"नाही ना? तो आपल्या पोटाखाली आहे. त्यावरून माणसं जाणार आहेत, ती आता कुठून जाणार?"

एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आमच्या गाडीला वळसा घालून, चालत्या गाड्यांच्या बाजूने पलीकडे गेली. मी तिची नजर चुकवली. त्यानंतर पट्टा माझ्या पोटाखाली कधी आला नाही.

बुधवार पेठ

पंधराव्या दिवशी त्या मला शिवाजी रस्त्याने घेऊन गेल्या. हा रस्ता एकाच दिशेने जातो. परत यायला बाजीराव रस्ता. खरं तर हे सोपं हवं. पण बुधवार पेठेपाशी एका बाजूला पुस्तकांची दुकानं, दुसरीकडे वायर आणि दिव्यांची, मधूनच हातगाडी, आणि दगडूशेठ गणपतीच्या समोरून जाताना निम्मे दुचाकीवाले हँडलवरचा एक हात सोडून कपाळाला लावतात. क्षणभर डोळेही मिटतात.

माझाही हात उठला.

"खाली," वसुधाताई म्हणाल्या. "गणपती कुठे जात नाही. गाडी लावून, चपला काढून, मग नमस्कार."

आम्ही आतल्या रस्त्यावर गाडी लावायला गेलो. मागे घेताना मी डावा आरसा बघितला, उजवा बघितला, मागे वळून बघितलं आणि पुढचं तोंड विसरले. पुढचा डावा कोपरा एका उभ्या स्कूटरला लागला. तिचा आरसा काच फुटून खाली पडला.

जवळपास कुणी नव्हतं. स्कूटरचा मालक दुकानात असावा. मी वसुधाताईंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या, जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. काय करायचं ते त्या सांगणार नव्हत्या.

मी गाडी बंद केली, उतरले, काचा पायाने कडेला केल्या आणि स्कूटरजवळ उभी राहिले. वीसेक मिनिटांनी पुस्तकांचं पुडकं काखेत घेऊन एक गृहस्थ आले. मी सांगितलं, माझ्याकडून झालं, मी शिकतेय.

त्यांनी आरसा बघितला, मला बघितलं, लाल एल बघितला. "आणि तुम्ही थांबलात?"

"हो."

"कुठल्या आपण?"

"आर्वी. वर्धा जिल्हा."

"तरीच," ते म्हणाले. मला तो टोमणा वाटला. पण मग ते आम्हाला दोन दुकानं सोडून एका स्पेअर पार्टवाल्याकडे घेऊन गेले, मी आरसा घेऊन दिला, त्यांनी तो स्वतःच बसवला आणि निघताना म्हणाले, "तीस वर्षांत चार आरसे गेले माझे. तोडणाऱ्याला बघण्याचा योग आज आला." गाडीत बसल्यावर वसुधाताई पहिल्यांदाच माझ्यावर खूश दिसल्या. म्हणजे त्यांनी खिडकी खाली केली आणि दोन कप चहा मागवला.

हे आले

शेवटच्या आठवड्यात हे पुण्याला आले. केतकीने त्यांच्यासाठी डोळ्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. ह्यांना खात्री होती की पुण्याचे डॉक्टर नागपूरच्यांना खोटं पाडतील. तपासणीत एका पेटीत डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मशीन बिघडलं होतं. बराच वेळ ठिपकेच येत नव्हते." कागदावर दोन्ही डोळ्यांची चित्रं होती, मधोमध थोडी पांढरी जागा, भोवती काळं. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे नागपूरला सांगितलं होतं. ह्यांना मात्र पटलं नव्हतं. चेहऱ्यावरून मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी माझी शेवटची फेरी. हे म्हणाले, "मीही येतो. बघू तरी काय शिकलीस." वसुधाताईंनी त्यांना मागे बसवलं आणि पट्टा लावायला सांगितलं. "मागे कशाला पट्टा?" ह्यांनी विचारलं. "मागचा माणूस पुढच्यावर येऊन पडतो म्हणून," त्या म्हणाल्या. पट्टा लागला.

कर्वे रस्ता, लकडी पूल, टिळक रस्ता, स्वारगेट. ह्यांची टिप्पणी चालूच होती. "काहून थांबली? पिवळाच आहे, निघून गेलो असतो." "अगं, घाल ना, जागा आहे." "हॉर्न दे त्याला." पंचवीस वर्षं हे चालवत होते आणि मी शेजारी बसून ऐकत होते. आता बोलणं तेच, फक्त चाक माझ्या हातात. माझे खांदे ताठ झाले. वसुधाताई हळूच म्हणाल्या, "गाडीत एकच जण चालवतो. कोण चालवतंय?"

"मी."

"मग झालं."

परतताना मंडईच्या अलीकडे बाजीराव रस्ता थोडा मोकळा झाला. डाव्या बाजूला एक टेम्पो उभा होता, माल उतरत होता. मी गाडी हळू केली.

"चल ना," हे म्हणाले. "पूर्ण मोकळं आहे. मी बघतोय."

मला टेम्पोच्या पुढच्या चाकापाशी हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. मी ब्रेक दाबला. टेम्पोच्या आडून डोक्यावर फुलांची पाटी घेतलेली एक म्हातारी बाई बाहेर आली. तिने आमच्याकडे बघितलंच नाही. पाटीमुळे तिला मान वळवता येत नव्हती. सावकाश ती आमच्या बॉनेटसमोरून पलीकडे गेली. हात लांब केला असता तर तिला लागला असता इतकं अंतर होतं. वसुधाताईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर होता, पण त्यांना तो दाबावा लागला नव्हता.

मी पहिला गिअर टाकून गाडी पुढे घेतली.

तिथून कसबा पेठेपर्यंत हे एक शब्दही बोलले नाहीत. मी आरशात एकदा बघितलं. ते डावीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसले होते, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. काहीतरी मोजून बघत होते.

गाडी लावून आम्ही चहाला बसलो. वसुधाताई मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. ह्यांनी कप उचलला आणि ठेवला.

"ती बाई कुठून आली होती?"

"टेम्पोच्या पुढून. डावीकडून."

"बॉनेटसमोर आली तेव्हा मला दिसली. त्याच्या आधी नाही."

मी माझा कप खाली ठेवला.

"मी तर म्हटलं, पूर्ण मोकळं आहे." मग रस्त्याकडे बघत, "तो सायकलवालाही असाच असेल, नाही का शैला? तो तिथे होता."

"हो. होता."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बत्तीस वर्षं मी चुकलेल्या उत्तरांपुढे बसलेली मुलं बघितली आहेत. त्यांना काय म्हणायचं ते मला येतं. ह्यांना काय म्हणायचं ते येईना. मी त्यांचा थंड झालेला चहा घेतला आणि माझा गरम त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो प्यायला. उठताना ते वसुधाताईंकडे गेले आणि म्हणाले, "बाईंना चांगलं शिकवलं तुम्ही."

"शिकायला आल्या होत्या," वसुधाताई म्हणाल्या. "सगळेच तसे येत नाहीत."

परत

पक्क्या लायसन्सची परीक्षा मी वर्ध्याला दिली. गाडी मागे घ्यायच्या आधी मी तीन वेळा मागे बघितलं, तेव्हा परीक्षा घेणारे तरुण साहेब म्हणाले, "मॅडम, मागे कुणीच नाही." मी म्हटलं, "म्हणूनच बघतेय, अजून नाही ना." ते हसले आणि सही केली.

आता माझ्या पर्समध्ये माझं लायसन्स आहे. किल्लीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. पुण्याला न गेलेल्या आमच्या आर्वीच्या मैत्रिणी विचारतात, तिथली माणसं खरंच तुसडी असतात का? मी सांगते, बोलायला असतात. पण मला महिनाभर एकानेही "तुमचं बरोबरच आहे" असं म्हटलं नाही, आणि त्याचं मोल तुम्हाला स्टिअरिंग हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.

गेल्या आठवड्यात ह्यांचे डोळ्यांत घालायचे थेंब संपले म्हणून आम्ही वर्ध्याला गेलो. माझा पहिला लांबचा रस्ता, शेजारी शिकवणारं कुणी नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधूनच एखादा ट्रॅक्टर, त्याच्या मागे शांतपणे चालायचं, समोर लांबवर मोकळं दिसलं की दिवा देऊन पुढे जायचं. मला इतका आनंद होत होता की मी स्वतःशीच मोठ्याने खांब मोजत होते, एक हजार एक, एक हजार दोन. वाटेतल्या खरांगणा गावाच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की हे बराच वेळ काही बोललेले नाहीत. मला वाटलं, रागावले. सरळ रस्ता आल्यावर मी एक क्षण डावीकडे बघितलं.

डोकं खिडकीला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून हे गाढ झोपले होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना चालत्या गाडीत झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी वेग थोडा कमी केला आणि खड्डे चुकवत वर्ध्यापर्यंत गेले.